बांबू लावलेली खुर्ची

आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर कुणाला 'बरंय ना' असं विचारत नसत. ओळख असो वा नसो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "रात्री झोपता कुठं?"

म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं तर एक वेळ ठीक. त्यांनी तो भर ग्रामसभेत सरपंचांना विचारला, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना विचारला आणि माझ्या लग्नाला जेमतेम पंधरा दिवस झाले असताना मलाही विचारला, तोही आईच्या देखत.

"माजघरात," मी जमिनीकडे बघत म्हणालो.

"डोकं कुठल्या भिंतीला?"

"मागच्या."

"म्हंजे डोंगराकडच्या. पावसाळ्यात पुढच्या खोलीत झोपायचं. दोघांनीपण." एवढं सांगून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या चालू पडल्या. बायको चुलीजवळ पदर तोंडात कोंबून हसत होती. मला मात्र बाईंचा रागच आला होता. आमच्या घरात कोण कुठे डोकं ठेवतं याच्याशी सरकारी दवाखान्याला काय करायचंय, असं मी तेव्हा दोन-चार जणांना बोलूनही दाखवलं.

पोलादपूरहून वर डोंगराच्या कुशीत आमची बावीस घरांची वाडी आहे. सिस्टरांचं उपकेंद्र खालच्या गावात, तासाभराच्या चालीवर. बाई ठेंगण्या, अंगानं चांगल्या भरलेल्या. सरकारी साडी पोटरीपर्यंत खोचलेली, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात पुरुषी काळी छत्री. लसींचा डबा एका खांद्याला आणि दुसऱ्या खांद्याला एक गोणपाटाची पिशवी. त्या पिशवीत दुधाच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली एक वही असायची. त्या वहीत वाडीतल्या प्रत्येक अशा माणसाचं नाव होतं ज्याला वेळ आली तर स्वतःच्या पायांनी पळता येणार नाही. पोटुशी बाई, ओली बाळंतीण, दम्याचा म्हातारा, आंधळी आत्या, आणि आमची आई.

आईला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. बोललेलं फक्त माझ्या बायकोला कळायचं. सहा महिने आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, तीन पाळ्यांत. घरी असलो की आईपाशी बसायचो आणि काय बोलावं ते न सुचून तिचे पाय चेपायचो.

सिस्टरांना असं गप्प बसणं जमायचं नाही. लकव्यानंतरच्या पहिल्याच भेटीत त्यांनी आईच्या गोळ्या बघितल्या. चार दिवस पुरतील एवढ्याच होत्या.

"आणि हे काय?" त्यांनी वर माळ्याकडे छत्रीनं दाखवलं.

"सुके बोंबील. पावसाळ्याची बेगमी," बायको म्हणाली.

"लाकडं भरलीत?"

"भरली."

"पापड, कडधान्य, मीठ?"

"सगळं भरलं."

"बोंबलाची बेगमी केलीत गो, माणसाची कोण करणार?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून लोणच्याची एक रिकामी बरणी काढली. आत पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी आणि आधारकार्डाची झेरॉक्स. झाकण घट्ट लावून बरणीच्या गळ्याला सुतळी बांधली आणि पुढच्या दाराशी खिळ्याला टांगली. अशा बरण्या त्यांनी वाडीत घरोघर टांगल्या होत्या. लग्नकार्याला गेलं की त्या यजमानिणीकडून रिकामी बरणी मागून आणत. लोक म्हणायचे, सिस्टर आहेर घेत नाहीत, बरणी घेतात.

माहेर त्यांचं तुडीलचं, सावित्रीच्या काठचं. पुराच्या गोष्टी त्या अशा सांगायच्या की जणू आत्याबाईच्या खोडी सांगतायत. त्यांच्या लहानपणी एकदा पाणी चढलं, आळीतले सगळे उंचावर गेले आणि शेजारचे आंधळे आजोबा मागेच राहिले. "जो तो समजला, दुसऱ्यानं आणलं असेल. दुसऱ्या दिवशी माळ्यावर सापडलं म्हातारं. सगळ्या आळीला आई-माईवरून शिव्या देत होतं, म्हणून तर सापडलं." मग म्हणायच्या, "बिचारं गरीब स्वभावाचं असतं तर मेलं असतं." तेव्हापासून त्यांचं म्हणणं एकच, ज्याच्या नावापुढे चार माणसांची नावं लिहिलेली नाहीत त्याला कुणीही नेत नाही.

आता अशाच एका यादीची गोष्ट सांगायलाच हवी, माझी लाज झाकून उपयोग नाही. वैशाखात वाडी मुंबईकरांनी भरलेली असते. लग्नं, पूजा, क्रिकेटचे सामने. तेव्हाच ग्रामपंचायतीतून निरोप आला, पावसाळ्यात कुणावर काय जबाबदारी ते ठरवून कळवा. देवळात सभा भरली. मुंबईहून आलेली पोरं एकदम उत्साहात होती. अपंगांना आणि म्हाताऱ्यांना उचलायचं पथक करायचं ठरलं आणि भराभर नावं आली. माझं अक्षर बरं, म्हणून यादी मी लिहिली आणि पहिलं नाव स्वतःचं घातलं. चोवीस धट्टीकट्टी नावं. मी ती सिस्टरांच्या हातात अशी दिली, जणू परीक्षेचा निकालच.

"टेन्शन नाय घ्यायचं सिस्टर," परळहून आलेला एक पोरगा म्हणाला, "आपली फुल टीम रेडी हाय."

सिस्टरांनी शांतपणे वरपासून खालपर्यंत यादी वाचली. "अक्षर झकास हाय. आता ह्यातलं कोण कोण आषाढात गावात असतंय त्यांनी हात वर करा."

चोविसांतला एक हात वर होता. माझा.

"तुझी पाळी कुठली?"

"बदलती असते."

"जायला-यायला धरून दिवसाचे बारा तास तू महाडला. डोंगराला पाळी सांगून ठेवलीस का रे तुझी?"

सगळे हसले, मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सिस्टरांनी कागद उलटा केला. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि विचारलं, "आषाढात गावात कोण असतं?"

"कोण असणार?" मागून शेवंतावहिनीचा आवाज आला. "आमीच."

शेवंतावहिनी म्हणजे आमची शेजारीण. तिचं आणि आईचं नळावरून कायम वाजलेलं. सिस्टरांनी तिचंच नाव आईच्या नावापुढे पहिलं लिहिलं. दुसरं माझ्या बायकोचं, तिसरं पलीकडच्या घरातल्या सुमनचं आणि चौथं सुमनच्या जावेचं. त्यावर वाडीतले सगळ्यात वडीलधारे आबा उठले. "बायकांनी खांदा द्यायची रीत नाय आपल्यात. अभद्र दिसतं ते."

"खांदा मेलेल्याला देतात, आबा," सिस्टर म्हणाल्या. "जित्या माणसाला हात देतात."

आणि खरोखरच त्यांनी रीत मोडू दिली नाही. प्लॅस्टिकची एक खुर्ची आणवली, दोन्ही बाजूंना हाताच्या उंचीवर बांबू बांधले, चार बायकांनी चार टोकं धरायची. खांद्याचा प्रश्नच मिटला. गाठी त्यांनी बायकांनाच मारायला लावल्या. भाऱ्याला मारता तशा मारा म्हणाल्या. पुरुषांना त्या खुर्चीच्या जवळ येऊ दिलं नाही.

मग सुरू झाला तो प्रकार, ज्यापायी सिस्टर आसपासच्या पाच-सहा वाड्यांत वेड्या ठरल्या. दर पंधरा दिवसांनी त्या येणार, आमच्या ओटीवर खुर्चीत ठाण मांडून बसणार आणि डोळे मिटून जाहीर करणार, "मी पेशंट. मला चालता येत नाय, बोलता येत नाय. उचला." न्यायचं शाळेपर्यंत, आणि शाळा वाडीच्या पलीकडे उघड्या माळावर, मधे दगडांची उतरण. बायका आधी लाजायच्या, मग हसायच्या, मग घामाघूम व्हायच्या. "वरच्या विहिरीवरनं दोन-दोन हंडे आणता, तेव्हा नाय दम लागत?" खुर्चीतल्या मुक्या पेशंटची टकळी चालू असायची. "माझं ओझं पेललंत की काकी म्हंजे फुलागत. चला!" काकी म्हणजे माझी आई.

एकदा उतरणीवर सुमनला हसू आवरेना. हात सुटला, बांबू फिरला आणि सिस्टर दगडांवरून घसरत चिखलात गेल्या. पाय बघता बघता टम्म सुजला. मी त्या दिवशी रात्रपाळी करून घरी होतो. धावत गेलो.

"पुरे झाला सिस्टर हा तमाशा," मी म्हणालो. "लोक हसतात तुम्हाला."

त्या चिखलातच बसलेल्या. माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाल्या, "कुठली गाठ सरकली ती बघ आधी." मग माझ्याकडे वळल्या. "मी पडले ना? आता तुझी आई पडायची नाय."

तो पाय पुढे कधीच पुरता बरा झाला नाही.

सगळ्यात विचित्र गोष्ट त्यांनी आईच्या बाबतीत केली. आमच्या घरामागे पऱ्या आहे, म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. पावसाळाभर त्याचा खळखळाट घरात ऐकू येतो. सिस्टरांनी दिवसापुरती आईची खाट भिंतीजवळून काढून मागच्या दाराशी लावली, रात्री मात्र पुढच्या खोलीत, दार दिवसभर उघडं ठेवायला सांगितलं, डाव्या हाताला पोचेल अशी एक स्टीलची परात दोरीनं टांगली आणि हातात उलथणं दिलं.

"काकी, आता तुमी कामावर. लावणीच्या दिवसांत सगळी शेतावर असतात, वाडीत तुमीच. पाऊस चालू हाय आणि पऱ्या गप झाला, नायतर पाणी एकदम लाल गढूळ झालं, की समजायचं, वर कायतरी अडलंय, डोंगरानं पाणी तोंडात धरलंय. परात वाजवायची. खोटी वाजली तरी चालंल, उशिरा वाजली तर नाय चालायची."

मला वाटलं, अंथरुणाला खिळलेल्या बाईची समजूत घालतायत. खेळणं दिलंय हातात. पण आईनं ते काम असं घेतलं, जसं तिनं आयुष्यभर घर घेतलं होतं. भिंतीकडचं तोंड दाराकडे वळलं. रोज सकाळी एकदा परात वाजवून बघायची, शेतातून बायकोनं 'ओ' दिली की समाधानानं मान हलवायची. डाव्या हातात महिन्याभरात बळ आलं. तिच्याबद्दल वाडीत कुणी 'बिचारी' म्हणेनासं झालं. या एवढ्या गोष्टीसाठीसुद्धा मी सिस्टरांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो, पुढचं काही घडलं नसतं तरी.

पुढचं घडलं त्या आषाढात. मी सकाळच्या पाळीला होतो. पाऊस आधीच चार दिवस धरून होता. दुपारी सावित्री चढली, महाडात पाणी शिरलं, रस्ता बंद. आम्हाला कारखान्याच्या कँटीनमध्येच थांबवलं. आधी बसेस बंद, मग वीज, मग फोन. दोन दिवस खिचडीच्या ताटलीपुढे बसून मला एकच गोष्ट दिसत होती, माझ्या झकास अक्षरातलं यादीतलं पहिलं नाव. आईला उचलणारा पहिला माणूस मी, आणि मी बसलोय सावित्रीच्या अलीकडे.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तसा निघालो. बाजारपेठेतून घोटाभर चिखल तुडवत बाहेर पडलो, एका टेम्पोनं पोलादपूरपर्यंत आणलं, वरचा रस्ता जागोजागी खचलेला, म्हणून चालत. वाडीच्या वळणावर आलो आणि घर दिसलं. म्हणजे पुढची ओटी दिसली. मागे माजघर नव्हतं, गोठा नव्हता, मागचं दार नव्हतं. नुसती लाल माती आणि घराएवढे धोंडे. मी तिथेच थांबलो. हाक मारायचा धीर होईना, कारण ओ आली नाही तर पुढे काय, ते माहीत नव्हतं.

हाक मारावी लागलीच नाही. परात वाजली. शाळेकडून.

माळावर धावत गेलो तर आई दुसरीच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर अंथरलेल्या गादीवर, मांडीवर परात घेऊन बसलेली. मला बघून ती परात वाजवत सुटली, थांबेचना. मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो.

बायकोनं मग सांगितलं ते असं. दुपारची वेळ, सगळ्या बायका खाली शेतात लावणीला. पाऊस कोसळत होता आणि परात वाजली. "कुणी कुणाला 'काय झालं' म्हणून इचारलं नाय. हातातल्या रोपांच्या मुठी चिखलात टाकल्या नि पळालो." घरी पोचल्या तर आई एका हातानं परात बडवतेय आणि जड जिभेनं एकच शब्द म्हणतेय, गप, गप, गप. शेवंतावहिनीनं कान दिला. पऱ्याचा आवाज खरंच थांबला होता. खुर्ची ओटीवर, बरणी खिळ्याला. दोन्ही घेऊन निघाल्या. आई परात सोडायला तयार नव्हती, म्हणून ती मांडीवर दिली. वाडीभर ती वाजवत गेली आणि तो आवाज ऐकून वरच्या घरांतली म्हातारीकोतारी, आंधळी आत्यासुद्धा, आपापल्या नावापुढे ज्यांची नावं होती त्यांचा हात धरून मागोमाग माळावर आली. आबांना तर बायकांनीच हाताला धरून आणलं. उतरणीवर सुमन या खेपेला हसली नाही. शाळेत पोचून आईला टेकवलं, अंगावर घोंगडी घातली आणि डोंगर आला.

वाडीतलं एकही माणूस गेलं नाही. बरणीतल्या गोळ्या तीन दिवस वेळच्या वेळी मिळाल्या म्हणून आईला दुसरा झटका आला नाही, असं पुढे डॉक्टर म्हणाले.

हे सगळं झालं तेव्हा सिस्टर तिथे नव्हत्या. खालचा रस्ता तुटल्यामुळे त्या खालच्या गावातच अडकल्या होत्या. माझ्यामागून तासाभरानं काठी टेकत, लंगडत वर आल्या. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत राहिला. त्या सरळ आईपुढे जाऊन उभ्या राहिल्या. बूट चिखलानं भरलेले, चेहरा उतरलेला.

"काकी," त्या म्हणाल्या, "रात्री झोपता कुठं?"

आईनं जीभ सावरली. सगळ्यांना कळेल असं म्हणाली, "दुसरीच्या वर्गात."

आधी शेवंतावहिनी हसली, मग सगळे. सिस्टर हसता हसता खाली बसल्या आणि रडू लागल्या. मी पाया पडायला वाकलो तर ओरडल्या, "त्या पायाला हात लावू नको रे, ठणकतोय!"

पुढच्या वर्षी वैशाखात पुन्हा सभा भरली. या वेळी मी आधीच सांगून टाकलं, मला उचलणाऱ्यांत घालू नका. सिस्टर म्हणाल्या, "तुला कुठं घालायचं ते मी ठरवलंय." त्यांनी माझं नाव उचलून न्यायच्या माणसांत लिहिलं होतं, आंधळ्या आत्याच्या खाली. "रात्रपाळी करून हा दिवसा मेल्यागत झोपतो. ह्याला परात ऐकू येणार नाय." माझ्या नावापुढे जबाबदार म्हणून आईचं नाव होतं. तेव्हापासून रात्रपाळी असली की आई खाटेवरून हात लांबवून उलथण्यानं मला ढोसून बघते, जागा होतोय की नाही ते. माझ्या बरगड्यांना त्या ढोसण्याची सवय झाली आहे.

मागच्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या आणि तुडीलला राहायला गेल्या. यजमान पूर्वीच गेलेले, मुलगी पुण्याला. या वर्षी मृगाच्या आधी मी आणि बायको त्यांना भेटायला गेलो. बायकोनं सुके बोंबील बांधून घेतले, शेवंतावहिनीनं नवे बांबू लावलेली खुर्ची टेम्पोत चढवून दिली आणि आईनं आपली परात दिली. आईसाठी आम्ही दुसरी आणली, पण ती म्हणते, हिचा आवाज तसा नाही.

सिस्टर ओटीवर बसल्या होत्या, पाय स्टुलावर. आम्हाला बघून हरखल्या, चहा टाकायला उठल्या, तर पाऊल टाकताना तोंड कसनुसं झालं. आईची विचारपूस केली, पाच-सहा वाड्यांतल्या एकेकाचं नाव घेऊन बरणी भरली का म्हणून विचारलं. सगळी वही पाठ होती. मी त्यांचं बोलणं मधेच तोडलं.

"सिस्टर, रात्री झोपता कुठं?"

"माझं काय इचारतोस? मी खुटखुटीत हाय."

"डोकं कुठल्या भिंतीला?"

त्यांनी मागे वळून माजघराकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "नदीकडच्या."

सगळ्यांच्या नावांपुढे चार-चार नावं लिहिणाऱ्या बाईंच्या वहीत त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. ही चूक त्यांच्याच हातून व्हावी! मला हसू आलं. बायको तोवर शेजारच्या घरांत शिरली होती. आषाढात गावात असणाऱ्या चौघीजणी घेऊनच ती परत आली. नावं मी लिहून घेतली. लिहिण्याआधी एकेकीला विचारून घेतलं, कारखान्यातली पाळी वगैरे नाही ना कुठे.

"मी नाय बसायची त्यात," खुर्ची बघून सिस्टर म्हणाल्या.

"तुमी पेशंट," माझी बायको म्हणाली. "तुमाला बोलता येत नाय. बसा."

बसल्या. आईची परात मांडीवर धरून, शाळेतल्या मुलीसारख्या ताठ. बायकोनं चारही गाठी ओढून बघितल्या, एक सोडून पुन्हा मारली. चौघींनी बांबू धरले आणि खुर्ची उचलली. पलीकडे सावित्री उन्हात अगदी संथ होती. आळी चढून वरच्या घरापर्यंत त्या चौघी गेल्या, मी मागोमाग चालत होतो, माझं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं. वळणावर एकीचा पाय जरा घसरला, बाकीच्या तिघींनी लगेच तोल सावरला.

सिस्टर पडल्या नाहीत.